रवाळ रंगाची व्हॅन

ओल्या कोटिंगला त्याने बोट लावलं, म्हणून आमची ओळख झाली.

आमच्या दुकानात मी नुकताच एका ट्रकचा हौदा, ओरखडे पडू नयेत म्हणून, आतून कोटिंगने फवारून संपवला होता. तोंडावरचा मास्क काढते न काढते तोच पाहिलं, एक उंच, अनोळखी माणूस हौद्यावर वाकून मोठ्या कुतूहलाने बोट टेकवतोय. बोट काळं होऊन वर आलं आणि कोटिंगवर छान खळगा उमटला.

"हे... ओलं होतं का?" त्याने विचारलं.

"आता बोटच सांगेल," मी म्हटलं.

तो लाजला. एवढा थोराड माणूस कानापर्यंत लाल होतो हे मी पहिल्यांदाच पाहत होते, त्या नादात चिडायचं राहूनच गेलं.

तो मधमाश्या पाळायचा. जिथे फुलोरा असेल तिथे मधपेट्या व्हॅनमधून न्यायच्या, बहर सरला की पुढची शेतं गाठायची, असं त्याचं काम. दारात उभी असलेली त्याची पांढरी व्हॅन बघून वाटलं, मांजरांच्या एखाद्या टोळीने हिच्याशी वैर धरलंय. शेताकडच्या वाटा अरुंद, दोन्ही अंगांना काटेरी कुंपण. दर फेरीला नवा ओरखडा आणि ओरखड्यातून गंज. रंग देऊन देऊन तो थकला होता. हौद्यातलं हे रबरासारखं जाड कोटिंग अख्ख्या व्हॅनला बाहेरून मारून मिळेल का, असं तो विचारत होता.

मी त्याला सगळं खरं सांगितलं. चकाकी अजिबात राहणार नाही, अंग रवाळ आणि खरबरीत होईल. पुसताना फडकं अडकेल, धूळ खाचांत बसेल. उन्हाला टिकणारं कोटिंग वेगळं मागवावं लागेल, नाहीतर वर्षभरात फिकं पडेल. आणि एकदा बसलं की काढणं महाकठीण, तेव्हा उद्या पस्तावलात तर माझ्या नावाने बोटं मोडू नका.

"तुम्ही दुकान चालवता की गिऱ्हाईक पळवता?"

"पळतंय कुठे?" मी म्हटलं. तो खरंच जागचा हलला नव्हता.

बाबांना हे मुळीच पटलं नाही. आमचं दुकान त्यांच्या हातच्या रंगावर उभं राहिलेलं. त्यांनी रंगवलेल्या गाडीच्या दारात बघून लोक भांग पाडायचे. मी हौद्यांचं काम सुरू केलं ते त्यांनी चालवून घेतलं, कारण हौदा आतल्या बाजूला असतो. पण आपल्या दारातून मगरीचं कातडं पांघरलेली गाडी बाहेर पडणार, तर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोकांना काट्यांतून गाडी न्यावी लागत नाही. त्या संध्याकाळचा चहा ते माझ्याकडे पाठ करून प्यायले.

गुळगुळीत रंगावर हे कोटिंग धरत नाही. आधी सगळी चकाकी पॉलिश पेपरने घासून मारावी लागते. ते काम मीही करतो, असं म्हणून तो रोज दुपारनंतर यायला लागला. एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये व्हॅन आणि खिडक्यांमधून आरपार गप्पा. मावशीने त्याला वाढवलं, हा धंदाही तिनेच शिकवला, आणि अजून दोघं मिळून पेट्या सांभाळतात, असं त्याच्या बोलण्यात आलं. मी सांगितलं की मी या गल्लीबाहेर फारशी कधी राहिलेच नाही. कंटाळा नाही का येत, असं त्याने विचारलं, तर म्हटलं, गाड्या येतात की, गावोगावची माती घेऊन. तो हसला. काचेतून नजरेला नजर मिळाली की आम्ही दोघंही एकदम जोरजोरात घासायला लागायचो.

"हे दार तू परत परत घासतेयस," बाबा एकदा म्हणाले. "आता पलीकडचं दिसायला लागेल."

मी पॉलिश पेपर खाली ठेवला. आत जाता जाता ते पुटपुटले, "तुझा माशीवाला आज उशिरा येणार वाटतं." तुझा... मी उगाचच कॉम्प्रेसर सुरू केला.

रंगावरून आमचं थोडं वाजलं. त्याला काळा हवा होता. काळी व्हॅन उन्हात भट्टी होईल, माश्या उकडून निघतील, असं मी बजावलं. शेवटी वाळलेल्या मातीचा फिकट रंग ठरला.

फवारणीच्या दिवशी काचा, दिवे, फटी सगळं चिकटपट्ट्यांनी झाकलं. या पट्ट्या कोटिंग घट्ट व्हायच्या आत ओढाव्या लागतात, नाहीतर त्यांच्याबरोबर कडाही फाटून येतात. शेवटचा हात मारून मी खूण केली आणि आम्ही दोघं गाडीभोवती धावत सुटलो. मागच्या दारापाशी एकाच पट्टीची दोन टोकं दोघांच्या हातात आली.

"सोड ना," मी म्हटलं, आणि आपण 'तुम्ही' म्हणायला विसरलो हे मग लक्षात आलं.

"तू सोड," तो हळूच म्हणाला.

कोणीच सोडली नाही. पट्टीच बिचारी तुटली.

कोटिंग पक्कं सुकल्यावर बाबांनी व्हॅनला एक चक्कर मारली, कडांवरून नख फिरवलं आणि काम स्वच्छ आहे म्हणाले. एरवी तेवढ्यावर मी आठवडाभर हवेत असते. पण त्याच दिवशी तो गाडी न्यायला आला. दूरची सूर्यफुलं उमलली होती, मावशी पुढे जाऊन वाट बघत होती. दारात तो घुटमळला.

"मी... म्हणजे असं म्हणत होतो, की..."

आत बाबा खोकले.

"कोटिंग छान झालंय," असं म्हणून तो गाडीत बसला, आणि गेला.

नंतर दुकानात काम भरपूर होतं आणि माझं मन कशातच नव्हतं. हौद्याऐवजी एकदा टायर फवारून ठेवला. शेवटी बाबाच म्हणाले की नव्या पद्धतीचं काम आहे, कडा सुटल्यात का ते कोणीतरी जाऊन बघायला हवं. तुम्ही येता का, विचारलं तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "मला माश्यांची भीती वाटते."

मी बसने पोचले. शेताच्या बांधावर जाळीची टोपी घातलेली बाई उभी होती. तिने टोपी वर केली, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि भाच्याला हाक मारली, की अरे, तुझं कोटिंग आलंय. तो पेट्यांमधून धावत आला आणि माझ्यासमोर येऊन नुसताच उभा राहिला.

"गाडीला काही झालं नाहीये," तो म्हणाला.

"दिसतंय," मी म्हटलं.

मावळतीला माश्या पेट्यांत परतल्या. पेट्यांची तोंडं बंद करून त्या पलीकडच्या शेतात हलवायच्या होत्या. मी स्टिअरिंगवर बसले, तो शेजारी. मावशी पायवाटेने पुढे गेली. व्हॅन त्या चिंचोळ्या वाटेत शिरली आणि दोन्ही अंगांनी काटे करकरत घासायला लागले. मागे पेट्यांत एकसारखी गुणगुण चालली होती. अर्ध्या वाटेत मी गाडी बंद केली.

"काय झालं?"

"काही नाही. इकडे काटे, तिकडे काटे. दार उघडायची सोय नाही. त्या दिवशी अर्धवट राहिलेलं आता बोल."

त्याने उगाचच खिडकीची काच खाली केली.

"तुझ्याशिवाय करमत नाही," शेवटी तो म्हणाला. "इथे पिवळंधमक रान फुललंय, आणि मला मात्र सारखं वाटतं, हे तुला दाखवायला हवं होतं... लग्न करशील माझ्याशी?"

माझ्या तोंडून आधी भलतंच निघालं. "मी दुकान सोडणार नाही."

"सोड म्हटलं कोणी? फुलं काही बारा महिने नसतात. बहर नसेल तेव्हा मी तिकडे येईन. बाबांनी ठेवून घेतलं तर गाड्या घासेन."

"आणि मला बहर बघावासा वाटला तर?"

"तर गाडी तू चालव."

मी हो म्हटलं. इतक्या हळू, की माश्यांच्या गुणगुणीत ते विरूनच गेलं. तो जवळ झुकला, काय म्हणालीस म्हणून विचारलं. मग त्याच्या कानाशी परत म्हटलं.

तेवढ्यात वाटेच्या टोकावरून मावशीची हाक आली. गाडी बिघडली का रे, म्हणून विचारत होती. तो घाईघाईने खिडकीतून डोकं काढायला गेला आणि एका काट्याने त्याचे केस पकडले. हलू नकोस, असं सांगून मी वाकून ते सोडवायला लागले. हसू आवरत नव्हतं, त्यामुळे केस आणखीच गुंतत होते. मान तशीच वाकडी ठेवून तो ओरडला,

"बिघडलं नाही, मावशी. जमलं."