विमान माझं

पटो वा न पटो, हे घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, आणि तिला थापा मारायला वेळ नसतो.

मावशी विमान चालवायला शिकवते. छोटं, दोन सीटचं विमान. दोघांसमोर विमान वळवायचा एकेक दांडा, पण दोन्ही आतून जोडलेले. एक हलला की दुसराही हलतो. म्हणून तिथे एक कडक शिस्त असते. ताबा घेणारा मोठ्याने म्हणतो, "विमान माझं." दुसऱ्याने "विमान तुमचं" म्हणायचं आणि लगेच हात सोडायचे. वाद घालायचा नाही.

ही शिस्त तिच्या अंगात मुरवली तात्यांनी, तिच्या गुरूंनी.

तात्या गेल्या वर्षी तिथल्याच धावपट्टीवर अपघातात गेले. आडवा वारा होता. उतरताना वारा डाव्या पंखाखाली शिरला आणि विमान उलटलं.

त्यानंतर मावशीच्या उड्डाणशाळेत एकच विमान उरलं. त्यात बसायला शिकणारी मुलं घाबरू लागली. वारा आडवा असला की म्हणे दांडा कुणीतरी ओढतं... दोघांनी शिकणंच सोडलं. शेवटी विमान विकायचं ठरलं. म्हणजे मावशीने उभी केलेली शाळा बंद.

मावशीचं डोकं फिरलं.

"मेलेल्या माणसाला लायसन्स नसतं," ती मेकॅनिकला म्हणाली. "आडवा वारा सुटू दे. मी एकटी जाते."

"ताई, विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

"कुणीतरी घ्यायलाच हवी ना."

रविवारची दुपार. लख्ख ऊन. मावशी उतरायला वळली तेव्हा वारा डावीकडून धक्के देत होता. डावा पंख खाली राहावा म्हणून तिने दांडा डावीकडे दाबून धरला. धावपट्टी समोर आली.

आणि हेडफोनमधली खरखर थांबली.

इंजिन चालू होतं, पण आवाज लांबून यावा तसा येत होता.

मग कानात... अगदी शेजारून...

"विमान माझं."

तात्यांचा आवाज.

वीस वर्षांची सवय ती. तिच्या तोंडून निघून गेलं, "विमान तुमचं."

आणि तिने हात सोडले.

शेजारची सीट रिकामी होती. तिथला दांडा मात्र... सावकाश उजवीकडे सरकला.

डावा पंख वर उचलला गेला, तात्यांचा गेला होता तसाच.

मावशी संतापली.

"तात्या, विमान माझं."

दांडा हलेना.

"शिकवलंत, उपकार झाले. जीव माझा आहे," असं म्हणत तिने सगळा भार टाकून दांडा डावीकडे रेटला.

पंख खाली आला. विमान धाडकन आपटलं, एक चाक मोडलं, फरफटत गवतात गेलं. उलटलं मात्र नाही.

मेकॅनिक धावत आला. मावशीला साधं खरचटलंही नव्हतं. त्याने शेजारच्या सीटकडे पाहिलं आणि पट्ट्याला हात घातला. एकटं उडताना रिकाम्या सीटचा पट्टा आवळून बांधतात, दांड्यात अडकू नये म्हणून. त्याने तो स्वतः आवळला होता.

पट्टा बांधलेलाच होता... पण चांगला हातभर सैल झालेला. तात्यांच्या सुटलेल्या पोटाच्या मापाचा.

चाक दुरुस्त झालं. आता पुरे, असं सगळे म्हणाले. माझ्या आईने तर शपथ घातली. पण पुढच्याच आडव्या वाऱ्याला मावशीने विमान बाहेर काढलं. रिकाम्या सीटकडे बघून म्हणाली, "बसायचं तर बसा. हात मांडीवर."

ती नीट उतरली. एकदा नाही, त्या दिवशी तीनदा. विमान विकलं गेलं नाही. मुलं परत यायला लागली.

मी तिला विचारलं, "परत ओढला का गं दांडा?"

"बिशाद आहे का."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "पण शेजारी कुणीतरी धापा टाकत होतं... चाकं टेकली, विमान थांबलं, तरी धापा थांबेनात. अरे, आपण खाली पोचलोय हे तात्यांना अजून कळतच नाहीये. उतरवीनच मी त्यांना एक दिवस."

आडवा वारा सुटला की ती अजूनही जाते. मला दर वेळी चल म्हणते. मी आजवर तिच्या शेजारी बसलेलो नाही.