जलखूण

सोंगटेक पठाराच्या पायथ्याशी असलेल्या भूजल प्रयोगशाळेत विदुला खरमाटेनं तिसरी नळी यंत्रात सरकवली. पहिल्या दोन नळ्यांत कंपन्यांच्या विहिरींचं पाणी होतं. सुराणांची कंपनी ते बाटल्यांत भरून विकायची, रेग्यांची त्यावर वाइन बनवायची. तिसरी नळी पठारावरच्या धामणटेक गावच्या एकुलत्या एका विहिरीची. नव्या जलनियमानुसार ज्या विहिरीतलं पाणी परक्याचं निघेल, तिला आज पाचला टाळं लागणार होतं.

"आमच्या हिरीनं कुणाचं काय चोरलंय, बाई?" सरपंच रखमाताईंनी विचारलं.

"ते जलखूण सांगेल, ताई. पाणी जिरवणाऱ्यानं आपल्या तळ्यात कृत्रिम डीएनएचे धागे सोडायचे, काचेच्या सूक्ष्म कवचात. प्रत्येकाचा धागा वेगळा. विहिरीत ज्याचा धागा जास्त, पाणी त्याचं."

"आन् ज्याला धागा सोडायचा परवानाच न्हाई मिळाला?"

विदुलानं यंत्राचं बटण दाबलं. नियमाची कलमं आणि परवान्याच्या अटी दोन्ही कंपन्यांनी भांडून भांडून ठरवल्या होत्या.

"सुराणाशेठ, तुमच्या बाटल्यांत आमचंच पाणी निघणार," निकाल ऐकायला सुराणांसोबत थांबलेले रेगे हसले.

"मग लेबलही तुम्हीच चिकटवा."

पडद्यावर आकडे उमटले. रेगे चार टक्के, सुराणा तीन. खूण क्रमांक शून्यची अठ्ठ्याऐंशी टक्के, उरलेलं बिनखुणेचं. तिन्ही नळ्यांत जवळपास तेच.

विदुलानं चाचणी पुन्हा लावली. आकडे हलले नाहीत. मग तिला आठवलं. सहा वर्षांपूर्वी, ही पद्धत पारखताना, तिनंच पहिला धागा, खूण क्रमांक शून्य, धामणटेकच्या चरांत सोडला होता. नोंदवहीत 'जिरवणारा' या रकान्यात काय लिहायचं? चर गावानं श्रमदानानं खणले होते. तिनं गावाचं नाव लिहिलं होतं. तिनं ती नोंद सगळ्यांना वाचून दाखवली.

"ती चाचणी होती. बाद करा," सुराणा म्हणाले.

"कलम नऊ, सर. नोंदलेली खूण कोणत्याही कारणानं बाद होणार नाही. रेगे तुमची खूण चाचणीची ठरवून उडवतील, या भीतीनं तुम्हीच ते कलम घातलंत. त्यांनाही तीच भीती होती, म्हणून त्यांनी लगेच सही केली."

"पण आमची तळी दोन वर्षं भरतायत," रेगे म्हणाले.

"या खडकातून बहुतेक पाणी उतरायला सहा वर्षं लागतात, तुमचं अजून वाटेतच आहे. घाई नियम करणाऱ्यांना होती."

पाच वाजले. दोन्ही कारखान्यांच्या पंपांची घरघर थांबली.

मग रेग्यांनी उपशाच्या अर्जाचा कोरा कागद रखमाताईंपुढे सरकवला. 'पाण्याच्या मालकाची संमती' हा रकाना त्यांच्याच वकिलानं अर्जाच्या मसुद्यात घातला होता.

रखमाताईंनी कागद वाचून घडी घातली.

"ग्रामसभेत ठेवते," त्या म्हणाल्या. "पंधरवड्यानं हाय. वर या, चढ जरा उभा हाय."