पलीकडच्या जिन्यावर

हे मी ओदिलआत्याच्या तोंडून ऐकलंय. ती उगाच काही सांगणारी बाई नाही. जे घडलं ते खरं आहे.

नोव्हेंबरातली संध्याकाळ. ल्वार नदीकाठचा जुना राजवाडा. बंद व्हायची वेळ झालेली.

लग्नानंतर आत्या आणि गास्तोंआतोबा पहिल्यांदा फिरायला आले ते इथेच. आता आतोबा सगळं विसरले होते. बायकोलाही परकी समजून "बाई" म्हणायचे. इथे तरी काही आठवेल, एवढीच तिची आशा.

तिथला दगडी गोल जिना म्हणजे खरं तर दोन जिने, एकमेकांभोवती गुंफलेले. एकावरचा माणूस दुसऱ्यावरच्याला मधल्या झरोक्यांतून दिसतो. गाठ मात्र पडत नाही.

आत्या पिशवीत चष्मा शोधत होती. मान वर केली तर आतोबा नाहीत.

वरून पावलं वाजली...

ती धावली. झरोक्यातून त्यांची पाठ दिसली. पलीकडच्या जिन्यावर.

"गास्तों, थांब ना. मी येतेय."

"बाई, तुम्ही माझ्या बायकोला पाहिलंत का?"

"अरे, मीच ती."

फक्त पावलं... वर, आणखी वर.

ती धापा टाकत गच्चीवर पोचली.

गच्ची रिकामी होती.

रडत, भिंतीला धरून ती दुसऱ्या जिन्याने उतरली. वाटेत कुणीच नाही.

आणि खाली आतोबा उभे.

"कुठे होतीस, ओदिल? केवढी दमलीस."

कित्येक महिन्यांनी तिचं नाव त्यांच्या तोंडी आलं होतं. ती त्यांना बिलगली. हात उबदार होते. डोळ्यांत ओळख होती.

तेवढ्यात वरून...

"बाई... कुणी आहे का? मला उतरता येत नाहीये."

तोच आवाज.

रखवालदार किल्ल्या घेऊन आला. वरची हाक त्याला ऐकू येत नव्हती.

"दार लावतोय. वर कुणी राहिलंय का?"

आत्याने आतोबांकडे पाहिलं. ते हसले.

"नाही," ती म्हणाली.

दार बंद होईपर्यंत वरून हाका येत होत्या.

आता आतोबांना सगळं आठवतं. डॉक्टर चक्रावलेत. गेल्या रविवारी मी गेले, तेव्हा ते बाहेरच्या खोलीत शेजाऱ्याशी पत्ते खेळत होते. मोठमोठ्याने हसत.

आत्या स्वयंपाकघरात सूप ढवळत होती. हात मध्येच थांबला.

"किती गारठलंय गं बाहेर," ती हळूच म्हणाली. "आणि त्याला कोटाचं साधं बटणसुद्धा लावता येत नाही."

कुणाला, हे मी विचारलं नाही.