शहाळ्याची परवानगी

तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा सुब्बाराव आत बसलेला होता. पाठ भिंतीला, पाय पसरलेले, मांडीवर पिशवी. डायलिसिसची खाट समोरच्याच खोलीत होती. तिथवर तो पोहोचला नाही.

दुपारी इन्स्पेक्टर शेषगिरीचा फोन वाजला.

"मी डॉक्टर मधुवंती, एग्मोरच्या हॉस्पिटलातून. माझा एक पेशंट गेला. पेशंट जातात, त्यात नवल नाही. पण हा असा जाणारा नव्हता. तुम्ही या."

शेषगिरी तंजावरच्या मराठी घराण्यातला. डॉक्टरीणबाई पुण्याच्या. तो तिथे पोहोचला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य ऐकून त्या एवढ्या गडबडीतही थबकल्या.

"माझी पणजी असं मराठी बोलायची."

"आमच्या घरी अजून बोलतात. कशानं गेला, अम्मा?"

"पोटॅशियम. आपल्या खाण्यात असतं. मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. याची मूत्रपिंडं बंद पडलेली. आम्ही यंत्रावर रक्त धुतो तेव्हाच ते निघतं. गुरुवारी धुतलं, त्यानंतर आज. मधले दिवस जपायचे असतात. फार वाढलं की हृदय थांबतं. आधी काही कळतही नाही."

"आणि त्यानं जपलं नाही."

"दोन वर्षं जपलं! केळं नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही, शहाळं तर नाहीच नाही. पाणीसुद्धा वाटीनं. इतर पेशंटांना मी त्याचं उदाहरण द्यायचे. गुरुवारी महिन्याची तपासणी केली. शुक्रवारी सकाळी रिपोर्ट आला, नेहमीसारखाच. खिडकीवरून त्याचा माणूस घेऊनही गेला. तीन दिवसांत असं काय झालं?"

"तुम्ही त्याला काही नवीन खायला सांगितलंत?"

"मी? मी कशाला त्याला मारू?"

सुब्बारावचं घर अंबत्तूरला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. शेषगिरी पोहोचला तेव्हा सब-इन्स्पेक्टर महेश दाराबाहेर उभा होता. त्यानं बुटानं कचऱ्याची टोपली पुढे सरकवली. टोपलीत फोडलेली शहाळी होती.

"बायकोनं विकत घेतली, सार. शनिवारी आणि काल. कोपऱ्यावरच्या गाडीवाल्यानं सांगितलं. वर ती स्वतःच कबूल करतेय."

कनका भिंतीला टेकून बसली होती. दुसऱ्याच कुणाबद्दल सांगावं तसं तिनं सांगितलं.

"मीच पाजलं. शुक्रवारी ऑफिसातून आले ते हसत आले. म्हणाले, परवानगी मिळाली. शहाळं चालतं आता. मी म्हटलं, डॉक्टर कधी भेटले तुम्हाला? म्हणाले, तुला काय करायचंय, तू गार करून दे. दोन वर्षं तहानेनं तडफडायचे, सार. बर्फाचा खडा तोंडात धरून झोपायचे. मी दिलं."

"तुम्ही डॉक्टरांना कधी भेटला होतात?"

"कशी भेटणार? मी अप्पळाच्या कारखान्यात जाते, पापड लाटायला. एक दिवस गेले नाही तर एक दिवसाची मजुरी जाते. काय खायचं, काय नाही, ते हेच येऊन सांगायचे."

"प्यायल्यावर काय म्हणाले?"

कनकाने पहिल्यांदा वर बघितलं. "म्हणाले, लग्नाच्या दिवशीसुद्धा तू इतकी चांगली दिसली नव्हतीस."

शेषगिरीने टोपी हातात फिरवली. त्याची बायको जाऊन वर्ष व्हायचं होतं. अशा घरात बसलं की त्याला उठवत नसे, म्हणून तो लगेच उठला.

बाहेर महेश म्हणाला, "साहेबांचा फोन होता. डॉक्टर म्हणते परवानगी दिली नाही, ही म्हणते दिली. म्हणजे ही खोटं बोलतेय. नोकरीत असताना नवरा मेला की बायकोला त्याच्या जागी नोकरी मिळते. अप्पळ लाटण्यापेक्षा नगरपालिकेची खुर्ची बरी. उद्या संध्याकाळपर्यंत आत घ्या, म्हणतात."

"मारायचं असतं तर तिनं शहाळी दारातच टाकली असती?"

"मग परवानगी कुणी दिली, सार?"

"तेच शोधायचंय. डॉक्टरनं दिली नाही आणि सुब्बारावनं ती मनानं घेतली नाही. मधल्या कुणीतरी दिली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नगरपालिकेत गेला. शहराच्या कडेची छोटी नगरपालिका. मे महिना, वीज गेलेली, पाणीपुरवठा खात्यात लोक फायलींनी वारा घेत होते. युनियनचा सेक्रेटरी हरिप्रसाद त्याला आपल्या खोलीत घेऊन गेला.

"सुब्बारावशी कुणाचं वाकडं होतं?"

"वाकडं? सार, त्याच्या बाजूनं तर आम्ही सभेत मतं दिली." हरिप्रसाद खाली बसला. "ऐका. यंदापासून कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा. दोन वर्षं भांडलो तेव्हा कुठे कमिशनर तयार झाले. हप्त्यातला तीन चतुर्थांश वाटा नगरपालिकेचा, बाकीचा आमच्या पगारातून. पण वर एक मर्यादा. त्या पैशात बसेल तेवढंच. विमा कंपनी म्हणाली, एवढ्यात एकतर डायलिसिस बसेल, नाहीतर मुलांचे जन्मापासूनचे आजार. दोन्ही नाही."

"मग?"

"सभा घेतली. सुब्बाराव पुढच्या बाकावर. आता तो समोर बसलेला असताना डायलिसिस नको असं कोण म्हणेल? सगळे हात वर. उद्या कौन्सिलमध्ये ठराव आहे."

"आता ठराव काय होणार?"

हरिप्रसादने नजर चुकवली. "डायलिसिसवर आता कुणीच नाही. तेव्हा मुलांचे आजार येतील."

"अशी मुलं कुणाची आहेत?"

"दोघांची. टायपिस्ट कृष्णवेणीच्या मुलाचा कणा वाकडा आहे. आणि जयतीर्थची मुलगी, श्रीरंजनी. नऊ वर्षांची. हृदयाला भोक. जिना चढली की निळी पडते. पण सार, त्या दोघांचेही हात वर होते. सगळ्यांत आधी जयतीर्थचा."

जयतीर्थ सुब्बारावच्या शेजारच्या टेबलावर बसायचा. बारीक, चष्मा लावलेला, डोळे सुजलेले. तोही तंजावरी मराठी. शेषगिरीचं बोलणं ऐकून त्याला रडू फुटलं.

"अण्णा म्हणायचो मी त्याला."

"रिपोर्ट कोण आणायचं त्याचे?"

"मीच. माझं घर एग्मोर स्टेशनामागे. सकाळी गाडी पकडण्याआधी खिडकीवरून घ्यायचो. डायलिसिस झाल्यावर त्याच्यात जीव राहायचा नाही, तो कुठे पुन्हा येणार?"

"शुक्रवारी?"

"आणला. बंद पाकीट. त्याच्या हातात दिलं."

"डॉक्टरांना दाखवून?"

"नाही सार. त्यांना भेटायला रांग असते. माझी गाडी चुकली असती."

"शहाळ्याबद्दल तो काही बोलला?"

"मला बोलला असता तर घरी जाऊन फेकून दिलं असतं! त्याच्या ताटात टोमॅटोची फोड दिसली की मी बोटानं उचलायचो. सगळं ऑफिस हसायचं. म्हणायचे, सुब्बारावच्या दोन बायका, एक कनका, एक जयतीर्थ."

"परवानगी मिळाली असं त्यानं तुला नाही सांगितलं?"

"शपथेवर सांगतो, नाही. मला शेवटपर्यंत वाटत होतं तो पथ्य पाळतोय."

"मग कुणी पाजलं असेल?"

जयतीर्थने रुमाल डोळ्यांना लावला. "वहिनीबद्दल मी काही बोलणार नाही, सार. ती किती वर्षं अप्पळ लाटणार, एवढंच तो कधी कधी म्हणायचा."

कृष्णवेणी टाइपरायटरमागे बसली होती. ती तमिळमध्ये, न थांबता बोलली.

"मला विचारणारच तुम्ही. माझी बहीण त्याच हॉस्पिटलात नर्स आहे. माझ्या पोराचं ऑपरेशन आहे. विचारा."

"बहिणीकडून सुब्बारावसाठी काही निरोप आणलात?"

"ती महिनाभर माहेरी आहे, बाळंतपणाला. तिला कोण आठवतंय आता!" तिनं टाइपरायटर बाजूला सरकवला. "पण एक सांगते, नाहीतर मला झोप येणार नाही. शनिवारी मी तक्काळी रसम आणलं होतं. टोमॅटोचं. त्यानं वाटी पुढे केली. मी म्हटलं, सार, तुम्हाला नको ना? म्हणाला, घाला अम्मा, परवानगी आहे. दोनदा घेतलं. बोटं चाटत होता. त्यात काही होतं का? मी मारलं का त्याला?"

"रसमनं नाही मेला तो. जेवायला आणखी कोण होतं?"

"आम्ही तिघं. रोजचेच. जयतीर्थ समोर."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. खाली बघून जेवत होता. म्हणून तर मी घातलं! मला वाटलं, हा गप्प आहे म्हणजे खरंच परवानगी असेल."

शेषगिरीने महेशला कनकाला घेऊन यायला पाठवलं.

संध्याकाळी युनियनच्या खोलीत पाच माणसं बसली होती. महेश दाराशी उभा होता. कनका भिंतीलगतच्या बाकावर बसली, कुणाकडे न बघता. तिला आता घेऊन जाणार, असंच सगळ्यांना वाटत होतं. तिलाही तसंच वाटत होतं. येताना ती शेजारणीकडे घराची किल्ली देऊन आली होती.

"शहाळं कनकाअम्मांनी दिलं," शेषगिरी म्हणाला. "त्याबद्दल वाद नाही. पण सुब्बारावनं ते मागून घेतलं. दोन वर्षं बर्फाचा खडा चघळणाऱ्या माणसाला शुक्रवारी कुणीतरी सांगितलं, चालतं. गुरुवारी रात्रीपर्यंत तो पथ्यावर होता. शुक्रवारी ऑफिसातून हसत घरी गेला. म्हणजे सांगितलं ते इथे, या इमारतीत."

शेषगिरी टेबलाला टेकला.

"वाटेल त्याचं ऐकणारा माणूस नव्हता तो. डॉक्टरचा निरोप म्हणूनच कुणी सांगितलं तर ऐकेल. असा निरोप इथे दोघंच आणू शकत होते. एकीची बहीण नर्स आहे. दुसरा रिपोर्ट आणतो."

कृष्णवेणीने पदर तोंडाला लावला.

"कृष्णवेणीअम्मांनी खोटी परवानगी दिली असती तर 'तुम्हाला नको ना' असं त्यांनी विचारलं नसतं. आणि विचारल्याचं मला आपणहून सांगितलंही नसतं. त्यांना काही माहीत नव्हतं." तो वळला. "जयतीर्था, शनिवारी सुब्बारावनं तुझ्यासमोर दोनदा टोमॅटोचं रसम घेतलं. तू बोट का नाही पुढे केलंस?"

"माझं... माझं लक्ष नव्हतं, सार."

"दोन वर्षं होतं. सगळं ऑफिस हसायचं, तूच सांगितलंस. शनिवारी तो तुझ्यासमोर बसून म्हणाला, परवानगी आहे. या बाईनं ऐकलं. आणि तू मला शपथेवर सांगतोस, परवानगीचं तुला माहीतच नव्हतं. पथ्य चालू आहे असं तुला वाटत असतं, तर तू वाटी हिसकावली असतीस. परवानगी खरी वाटली असती, तर आज तू मला म्हणाला असतास, सार, डॉक्टरनंच घोळ केला. तू दोन्ही केलं नाहीस. गप्प बसायचं तिसरं एकच कारण उरतं. ती परवानगी तू दिली होतीस."

जयतीर्थने चष्मा काढला, पुसला, परत लावला नाही.

"काय सांगितलंस त्याला?"

तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "रिपोर्ट डॉक्टरांना दाखवला म्हटलं. पोटॅशियम खाली गेलंय म्हटलं. सोमवारपर्यंत रोज शहाळं घ्यायला सांगितलंय."

"त्यानं पाकीट उघडून बघितलं नाही?"

"नाही. माझे हात धरले त्यानं. म्हणाला, तू नसतास तर माझं काय झालं असतं."

हरिप्रसाद ताडकन उठला. "पण तू तर पहिला हात वर केलास रे! कुणी जबरदस्ती केली होती?"

"तो पुढे बसला होता! मागे वळून एकेकाकडे बघत होता! मी काय म्हणणार होतो, अण्णा, तू मर, माझी पोर जगू दे?" जयतीर्थचा आवाज फुटला. "घरी गेलो तर श्रीरंजनी जिन्यात बसलेली. मधेच दमली म्हणून. विचारते, अप्पा, माझं ठरलं का?"

कनका उठून त्याच्यासमोर आली. महेश पुढे झाला, शेषगिरीने त्याला हातानं थांबवलं. तिनं मारलं नाही.

"तू स्वतः नाही पाजलंस," ती म्हणाली. "माझ्या हातानं पाजलंस."

जयतीर्थ तिच्याकडे बघू शकला नाही. तो हरिप्रसादकडे वळला.

"उद्या ठराव होणार ना? मुलांचे आजार येणार ना? मला काय करायचं ते करा. तिचं ऑपरेशन तेवढं..."

हरिप्रसाद शेषगिरीकडे बघत राहिला. कुणीतरी दुसऱ्यानं हे सांगावं, असं त्याला वाटत होतं. शेवटी त्यानंच सांगितलं.

"पोलिसांनी आत घेतलं की तू निलंबित. निलंबित माणसाचा वाटा नगरपालिका भरणार नाही. तसं आपणच मान्य केलंय, मर्यादेत बसवायला. ठराव होईल, जयतीर्था. कृष्णवेणीच्या पोराला मिळेल. तुझं नाव त्यात नसेल."

"मी सगळा हप्ता भरतो."

"वाट्याशिवाय नाव नाही."

जयतीर्थ खुर्चीवर बसला. महेशने त्याचा दंड धरून उठवलं, तेव्हा तो लहान मुलासारखा उठला. दारात थांबून म्हणाला, "सार, घरी काही सांगू नका. ती अजून अभ्यासाला बसली असेल. तिची आई सांगेल काहीतरी. बाहेरगावी गेलाय म्हणेल."

शेषगिरी काही बोलण्याआधी कनकाने पिशवी खांद्याला लावली.

"मी जाते एग्मोरला," ती म्हणाली. "अत्तै म्हणते मला ती, आत्या. सगळं मीच सांगते. बाप कुठे आहे, का आहे, आणि कुणासाठी."

"कनकाअम्मा, ती लहान आहे."

"माझ्या हातानं पाजताना मला कुणी सांगितलं होतं का, सार?"

तिला अडवायचा अधिकार शेषगिरीला नव्हता. ती आता आरोपी नव्हती. ती जिना उतरून रस्त्यावर आली, आणि स्टेशनची बस समोरून येत होती, तिला तिनं हात केला.