एकीकडेच उघडणारं दार

रनाळ्यात भाईदास पाटलांच्या विहिरीवर तेलाचं इंजन बसलं, त्या दिवशी गावातल्या अकरा कोंबड्यांनी अंडी देणं सोडलं. बारावी बहिरी होती. त्याच धडधडाटात पाटलांची लेक फुलवंता भाकरी घेऊन मळ्यात आली आणि बघते तर काय — इंजन दुरुस्त करणारा दोधू सागाच्या काठीचं एक टोक इंजनाला लावून, दुसरं कानाशी धरून, डोळे मिटून उभा!

"ओ इंजनवाला," ती हसू दाबत म्हणाली, "काय सांगस ते लाकूड?"

दोधूने एक डोळा उघडला. "खालनी झडप गळकी शे. वर चढेल पाणी माघारी जाई ऱ्हायनं."

"इतलं बोलस? मग मन्हं ऐक. चार पावलं चालस तं दम लागस. वैद्यले काहीच सापडनं नही."

त्याने इंजन बंद केलं. तिने पदर सावरून काठीचं टोक स्वतःच छातीच्या डाव्या अंगाला टेकवलं... नजर मात्र चिंचेच्या झाडावर. दोधू आधी नंदुरबारच्या मिरचीसारखा लाल झाला. मग हळूहळू पांढरा. एका ठोक्यानंतर जिथे शांत हवं, तिथे फुस्स... असा आवाज होता. गळक्या झडपेचा.

"काय म्हनस?"

"म्हनस... पोरगी खोडकर शे."

नंदुरबारच्या एका डॉक्टरच्या बंगल्यावरचा पंप दोधूने दुरुस्त केला होता. त्या डॉक्टरने एकदा बकऱ्याचं हृदय ताटलीत चिरून त्याला दाखवलं होतं. वर दोन खण, खाली दोन. मधे पातळ पडद्यांची दारं, बारीक दोऱ्यांनी ताणलेली, एकीकडेच उघडणारी. उजवी बाजू मळकं रक्त फुप्फुसांत हवा खायला धाडते, डावी बाजू लाल होऊन आलेलं रक्त अंगभर ढकलते. दार नीट मिटलं नाही, तर ते मागे गळतं.

चौथ्या दिवशी फुलवंता पुन्हा आली. "आते खरं सांग."

दोधूने पाटाच्या कडेला बसून सगळं सांगितलं. ती वाफ्यात शिरणाऱ्या पाण्याकडे बघत राहिली.

"हाई पाणी परत विहिरमा कसं येस?"

"ते येत नही. गयं ते गयंच. रगत तेवढं फिरीसन परत येस."

"आनि मन्हं?"

"तुन्हं... थोडं दारमाथीनच माघारी फिरस."

तिने हट्टच धरला, तेव्हा भाईदासबापूंनी तिला गाडी जुंपून नंदुरबारला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? आला होता. त्याच तापाने दार खाल्लं होतं. औषध नाही. जड काम नको आणि बाळंतपण तर तिचा जीवच घेईल.

परतताना बापू बैलांशी बोलावं तसं म्हणाले, "कोणले कळाले नको. आखाजीनंतर लगीन शे."

अक्षय्य तृतीयेनंतरच्या त्या लग्नाची बोलणी करायला सोयरे आले. होणारी सासू जमनाबाई चहा घेता घेता लाडाने म्हणाली, "वरीसभरमा पाळणा हालना पाहिजे हं!"

"हालीन, मावशी," फुलवंता म्हणाली. "पन मी नही ऱ्हासू." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

चहा तसाच राहिला. सोयरे गेले. बापू तडक मळ्यात गेले आणि त्यांनी ती सागाची काठी दोधूच्याच पाठीवर मोडली.

दुसऱ्या दिवशी दोधू वाकत वाकत त्यांच्या ओट्यावर आला. जातीतलाच, पण पोरका. ना शेत ना घर. हातात अर्धी काठी. "बापू, काठी अर्धी ऱ्हायनी. आते जवळथीन ऐकनं पडी. पोरगी माले द्या."

दारामागून आवाज आला, "दया येई ऱ्हायनी का?"

"नही. खोडकर शे, हाई लाकूड नही बोलनं. ते मीच बोलनू."

आत बांगड्या वाजल्या. मग खुदकन्...

लग्न झालं. पाळण्याचं नाव दोधूने कधी काढलं नाही. रोज दुपारी विहिरीच्या काठावर तो अर्धी काठी लावून ऐकायचा आणि ती त्याचा चेहरा वाचायची. म्हणून तो चेहरा सपाट ठेवायला शिकला. मग ती त्याच्या हाताचा कंप वाचायला शिकली.

चार वर्षांनी तिचे पाय सुजले. आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायची. पौषात मिरची लाल झाली. एका दुपारी इंजन चालू असताना तिने दोधूच्या हातातली काठी घेतली, उलटी केली, टोक त्याच्या छातीला लावलं आणि कान टेकवला.

"काय म्हनस?" दोधूने विचारलं.

"तुम्हनं... चांगलं चाली ऱ्हायनं." ती हसली. "ते बंद पडू देऊ नका हं."

काठी पाटात पडली.

गावात सांगतात, त्याच क्षणी इंजन आपोआप बंद पडलं. त्या दुपारी मळ्यात मिरची तोडत असलेला मीही तीस वर्षं तसंच सांगत आलो. बाया डोळे पुसतात, मलाही बरं वाटतं. पण ते खोटं आहे. इंजन चालूच होतं. तेल संपेपर्यंत चालू होतं, कारण तिला मांडीवर घेऊन बसलेला दोधू उठलाच नाही. पाट फुटला, काठी वाहून गेली, लाल मिरची गुडघाभर पाण्यात उभी राहिली. पाणी जातच राहिलं... आणि त्यातला एक थेंबही विहिरीत परत आला नाही.