निंगप्पाचा पाना

पटलं तर घ्या, नाहीतर हसून सोडून द्या. पण हे माझ्यासोबत घडलंय. सोलापुरात, १९७६च्या खंडेनवमीला. आणि तेही भर दुपारी.

माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माझा दोस्त निंगप्पा गिरणीत फिटर. दोघांनी दोन वर्षं खपून रिमोटवर पळणारी रेसची गाडी बनवली. वायरलेस माझं, सांगाडा आणि स्टेअरिंग त्याचं. हातभर लांब, पण काय पळायची!

दसऱ्याला पुण्यात शर्यत होती. श्रावणात निंगप्पा काविळीनं गेला. जाताना एवढंच म्हणाला, "गाडीवर माजं नाव ऱ्हाऊ दे की."

आणि मी काय केलं? त्याच्या नावावर लाल रंग फासला. वर फक्त माझं नाव लिहिलं. आज सांगतानाही लाज वाटते.

नवमीच्या दुपारी अक्कलकोट रोडच्या माळावर चाचणी घेतली. गाडी सारखी डावीकडे ओढत होती.

चाचणीच्या वेळी निंगप्पा नेहमी माझ्या डाव्या हाताला उभा राहायचा...

स्टेअरिंगचा नट अर्धा आटा फिरवायला हवा होता. तो नट त्यानं घरीच कानशीनं घडवलेला, त्याला त्याचाच पाना बसायचा. आणि पाना त्याच्या घरी, पूजेत मांडलेला.

त्याच्या घरी गेलो, तर त्याची बायको कमलम्मा मधे आली. "बेड, नको भावजी! आज हत्यारं झोपल्यात. उद्या न्या की."

"संध्याकाळी पुण्याची रेल्वे आहे, वहिनी."

वरचं झेंडूचं फूल बाजूला सारून हळदीकुंकवासकट पाना उचलला. माळावर येऊन नट फिरवला, पाना खिशात टाकला.

गाडी सरळ सुटली! मी एकटाच आनंदानं ओरडलो.

मग बटण सोडलं.

गाडी थांबली नाही...

रिमोटमधले सेल काढले.

तरीही नाही...

ती वळली आणि माझ्याभोवती फिरायला लागली. एक चक्कर. दुसरी. प्रत्येक चक्कर आधीपेक्षा लहान. शेवटी माझ्या डाव्या पायाशी येऊन थांबली. मोटारीचा आवाज बंद झाला. वारा नाही, पाखरू नाही...

टक्... टक्...

नट आवळून झाला की निंगप्पा पाना सांगाड्यावर दोनदा आपटायचा. अगदी तोच आवाज. माझ्या डाव्या कानाशी.

वळून बघितलं. कुणी नव्हतं.

खिशात हात घातला. पानाही नव्हता.

धावत त्याच्या घरी गेलो. पाना पूजेत होता, वर झेंडूचं फूल जसंच्या तसं. कमलम्मा शेजारीच बसलेली. "मी हितनं हलले न्हाय. तुमी कवा आणून ठिवला?"

मी पुण्याला गेलो नाही. रंग खरवडून त्याचं नाव मोकळं केलं आणि गाडी कमलम्माला दिली.

दर नवमीला कमलम्मा गाडी पूजेत मांडते. आत सेल नसतात. मी गाडीच्या डाव्या बाजूला बसतो, आणि पुढची चाकं डावीकडे वळलेली असतात. नट सैल झाला असेल, अशी मी मनाची समजूत घालायचो.

गेल्या वर्षी मुद्दाम उजवीकडे बसलो. आरतीला डोळे मिटले. उघडले तेव्हा...

चाकं माझ्याकडे वळली होती.

त्याचं नाव तर त्याला परत दिलं. मग अजून काय राहिलंय?