तीन स्तोत्रं, आईच्या गुडघ्यासकट

त्या वर्षी, म्हणजे अठ्ठ्याण्णव साली, जानेवारीत इस्रायलमधल्या लोदला पाऊस लागून राहिला होता. साडेसहाची बस आली. सारित झिराडकर नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसली, ओली छत्री पायाशी उभी केली आणि पिशवीतून तळहाताएवढं तेहिलिम काढलं. दाविद राजाची स्तोत्रं. पान उघडते न उघडते तोच डोक्यावरून हिब्रूत प्रश्न आला,

"ही पेताह तिक्वालाच जाते ना?"

सारितने मान वर केली. उंच, सावळा, नखशिखांत भिजलेला तरुण. बसच्या कपाळावर वीतभर अक्षरांत गावाचं नाव लिहिलेलं होतं. इतकं मोठं, की आंधळ्यालाही दिसावं. सकाळी सकाळी ओळख काढायला निघालेत, असं मनात म्हणून ती मराठीत पुटपुटली, "डोळे आहेत की बटणं!"

"बटणंच," तो मराठीत म्हणाला आणि शेजारी बसला. "पण शर्टाला शोभतात की नाही, सांगा."

सारितच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पुढच्या बाकावरच्या त्सिपोरामावशी मात्र खो खो हसल्या. मावशी पेताह तिक्वाच्या इस्पितळात धुलाईखात्यात होत्या आणि त्या बसमधलं काहीही त्यांच्या कानांतून सुटत नसे.

तो आमोस तळकर, तिच्यासारखाच कोकणातून आलेल्या बेने इस्राएल ज्यू घरातला. लिफ्टचा मेकॅनिक. आजीच्या हाताखाली वाढलेला, म्हणून मराठी बोलणारा. नाहीतर त्यांच्या वयाची पोरं घरी आईने मराठीत विचारलं तर उत्तर हिब्रूत देत. पेताह तिक्वाला काचेच्या नव्या इमारती उठत होत्या आणि त्यांच्या लिफ्ट दर आठवड्याला रुसत होत्या. आमोस लिफ्टच्या दाराला कान लावून सांगायचा, दोरीत बिघाड आहे की मोटारीत.

"लिफ्टशी बोलता की काय?" सारितने एकदा विचारलं.

"नाही. ती बोलते. मी ऐकतो. बायकांशी असंच वागावं म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"लिफ्ट."

असं चालायचं. पण आधी तेहिलिम, मग बोलणं. सारितच्या आईच्या, मझलबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन शरदात झालं होतं आणि त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. आई कुणाचा हात न धरता जिना चढेपर्यंत रोज सकाळी तीन स्तोत्रं म्हणायची, असा सारितने एलियाहू हानावी या संदेष्ट्याला नवस बोलला होता. नुसतं डोळ्यांनी वाचून चालणार नव्हतं. ओठ हलले पाहिजेत, शब्द आपल्या कानाला तरी ऐकू आले पाहिजेत. ती वाचत असताना आमोस खिडकीबाहेर बघत राही. कधी मध्येच बोलला नाही, कधी हसला नाही. पुस्तक मिटल्यावर मात्र हळूच विचारी, "झालं? आता माझा नंबर?"

फेब्रुवारीत बदामाला फुलं आली. मावशी पाठ फिरवून झोपेचं सोंग घेऊ लागल्या.

एक दिवस बोलता बोलता सारित म्हणाली, "माझ्या आईने दोन स्थळं परत पाठवली. तिचं एकच म्हणणं. काळा असो, टकला असो, चालेल. मुलगा शिकलेला पाहिजे. कागद वाचता आला पाहिजे."

आमोस त्यानंतर उतरेपर्यंत बोलला नाही. सारितला वाटलं, आपण लग्नाचा विषय फार लवकर काढला...

मग मार्चमध्ये सारितचा घसा बसला. शिक्षिकेचा घसा तो. वर्गात ती आठ मुलांना शिकवायची. सगळी हुशार, पण अक्षरं ज्यांच्या डोळ्यांपुढे जागा सोडत अशी मुलं. त्यांच्यासाठी ती वाळूच्या ताटात बोटाने अक्षरं गिरवून घेई, पानावर खिडकी कापलेला पुठ्ठा ठेवून एकेक ओळ दाखवी. त्या सकाळी मात्र तिच्या गळ्यातून वारासुद्धा फुटेना. नवस मोडणार! पण दुसऱ्याने म्हटलेलं मन लावून ऐकलं आणि आमेन म्हटलं, तर ते आपण म्हटल्यासारखंच, असं जाणती माणसं सांगतात. तिने पुस्तक आमोसच्या हातात दिलं आणि खुणेने सांगितलं, तुम्ही वाचा.

आमोस पुस्तकाकडे बघत राहिला. मग त्याने ते उघडलं, घसा साफ केला आणि सुरुवात केली.

सुरेख म्हटलं त्याने. खालच्या आवाजात, एकही शब्द न अडखळता. सारितने डोळे मिटले. अगदी तिच्याच चालीवर. जिथे ती श्वास घेई तिथे श्वास. दुसऱ्या स्तोत्राच्या मध्यावर, जिथे रोज चौकातल्या गतिरोधकावर बस आदळायची आणि ती थांबायची, तिथे तोही थांबला. बस अजून चौकात पोचलीच नव्हती. आणि तिसरं स्तोत्र संपल्यावर त्याच सुरात, त्याच भक्तिभावाने तो मराठीत म्हणाला, "आणि देवा, आईच्या गुडघ्याकडे लक्ष असू दे."

सारितला हसू आवरेना. आवाज नसल्याने ते नुसतंच अंगभर हललं. डोळे पुसत तिने आमेन म्हणण्यासाठी पुस्तकाकडे पाहिलं... आणि हसू तिथेच थांबलं.

पुस्तक शेवटच्या पानांवर उघडलेलं होतं. प्रवासाला निघताना म्हणायची प्रार्थना. तीन स्तोत्रांपैकी एकाचा एक शब्दही त्या पानावर नव्हता.

बसची पाटी न वाचता विचारलेला प्रश्न तिला आठवला. वर्गातली आठ तोंडं आठवली. आणि मग तिच्या हातून चूक झाली. तिने बसक्या घशातून कसाबसा आवाज काढत, पण अगदी वर्गातल्या स्वरात विचारलं, "कितवीपासून?"

आमोसने पुस्तक मिटलं. "चौथीपासून मी मागच्या बाकावर बसायचो. आज पुन्हा बसवलंत." तो उठला. "बाई, तुम्हाला विद्यार्थी आठ आहेत. नववा नको."

तो दोन थांबे आधीच उतरला. पाऊस नव्हता, तरी कॉलर वर करून चालत गेला.

त्यानंतर नऊ दिवस तो त्या बसला आला नाही. सारितचा आवाज परत आला, स्तोत्रं चालू राहिली. आई जिन्याच्या दहा पायऱ्या एकटी चढू लागली. दहाव्या दिवशी त्सिपोरामावशी न राहवून मागे वळल्या.

"भांडलात?"

"नाही मावशी. मी त्याला तपासलं."

"अगो, मग लगीन झाल्यावर काय करशील? एक्स-रे काढशील?"

सारितच्या मनाला ते लागलं. वर्गातल्या मुलाने तोंड उघडावं म्हणून ती महिना महिना वाट बघे. आणि या माणसाला तिने एक मिनिटही दिलं नव्हतं. माफी मागायची तर पत्र लिहून उपयोग नव्हता. ते वाचायला त्याला दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागलं असतं. त्या दुपारी वर्ग सुटल्यावर तिने शाळेच्या टेपरेकॉर्डरवर कॅसेट भरली. मावशींनी ती ओढणीत गुंडाळून आमोसच्या घरी पोचती केली.

कॅसेटवर फार काही नव्हतं. "मी चुकले. ज्याला तीन स्तोत्रं नुसती ऐकून पाठ होतात, त्याला मी ढ समजले नाही. पण तसं विचारलं मात्र. माझ्या शाळेत एफ्रात नावाची बाई संध्याकाळी मोठ्या माणसांना शिकवते. जायचं तर जा, नाहीतर नको. मी तुम्हाला कधी शिकवणार नाही. मला तुमच्याशी—" इथे बराच वेळ नुसती टेप फिरल्याचा आवाज होता. "मला तुमच्याशी बोलायचं असतं. एवढंच."

पासोव्हर सणाच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सकाळी आमोस बसमध्ये चढला. तिसऱ्या बाकापाशी उभा राहिला. सारितने पिशवी उचलून मांडीवर घेतली. त्याला तेवढी जागा पुरली.

"एफ्रातने तपासलं," तो समोर बघत म्हणाला. "दोन तास. त्याला नाव आहे म्हणे. डिस्लेक्सिया."

"हो."

"मला अठ्ठावीस वर्षं वाटत होतं, त्याचं नाव आमोस."

सारितने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग त्यानेच हलकेच विचारलं, "ते 'बोलायचं असतं'च्या आधी टेप इतकी का फिरली? मशीन बिघडलं होतं? मेकॅनिकला बोलवायचं."

"पहिल्या दिवशी बस पेताह तिक्वाला जाते का असं विचारलंत, ते खरंच?"

"पहिल्या दिवशी खरंच. माझी बस चुकली होती, ही नवीन होती. दुसऱ्या दिवशी..." तो थांबला. "दुसऱ्या दिवसापासून मी आधीची बस सोडून द्यायला लागलो."

एफ्रातपाशी तो आठवड्यातून तीनदा जाई. काही जादू झाली नाही. सहा आठवड्यांनी त्याला एक पान वाचायला वीस मिनिटं लागत, आणि पान संपलं की डोकं दुखे. पण लिफ्टच्या लायसन्सची परीक्षा तोंडी देता येते, हे त्याला प्रथमच कळलं. त्यासाठी एफ्रातचा कागद वर्कशॉपच्या साहेबापुढे ठेवावा लागला. ठेवला. साहेबाने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "मग इतकी वर्षं तू रिपोर्ट कसे भरलेस?" आमोस म्हणाला, "सगळे रकाने पाठ करून."

जूनमध्ये तो सारितला म्हणाला, "मंगळवारी घरी येतो. मागणी घालायला."

मंगळवार त्यांच्यात शुभ. सारित म्हणाली, "आधी मी आईला सांगते. तुमच्या वाचण्याचं. तिची अट... ती नाही म्हणाली तर..."

"तर मी ते नाही समोर बसून ऐकीन. तू सांगायचं नाहीस. इतकी वर्षं माझ्या वतीने दुसऱ्यांनी वाचलं. हे तरी मी बोलतो."

पहिल्यांदाच तो 'तू' म्हणाला होता. सारितने ते ऐकलं, आणि मान डोलावली.

मंगळवारी चारच्या सुमारास आमोस इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. त्याची आई, आजी दोघी हयात नव्हत्या, म्हणून मुलाकडचं बाईमाणूस त्सिपोरामावशी. मझलबाई पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. चहा झाला, चिवडा झाला. मूळ गाव विचारून झालं, तळे की घोसाळे, कुणाची आत्या कुणाला दिली, तेही झालं. मग मझलबाईंनी बशी खाली ठेवली.

"मॅट्रिक झालास का रे?"

स्वयंपाकघराच्या दारात सारितने चौकट घट्ट धरली.

"नाही, मामी," आमोस म्हणाला. "नववीत शाळा सोडली. मला वाचता येत नव्हतं. डोकं बरं आहे, अक्षरं हलतात. आता शिकतोय. एक पान वाचायला वीस मिनिटं लागतात. याहून फार वेगाने येईल असं मला वाटत नाही. तुमची अट मला ठाऊक आहे."

खाली रस्त्यावर कलिंगडवाला ओरडत गेला.

"आणि कागद आला तर?" मझलबाईंनी विचारलं. "सरकारी कागद. सही कर म्हणून समोर उभे राहिले तर काय करतोस?"

"पूर्वी मुकाट सही करायचो. आता म्हणतो, मला वाचता येत नाही, मोठ्याने वाचा. पुन्हा वाचा म्हणतो. समजेपर्यंत पेन उचलत नाही. लोक बघतात... बघू देत."

मझलबाई गुडघ्यावर हात फिरवत राहिल्या.

"माझे मिस्टर मुंबईला पोस्टात क्लार्क होते," त्या शेवटी म्हणाल्या. "इंग्लिश काय, मराठी काय, फर्स्टक्लास. चौसष्ट साली हैफा बंदराला बोटीतून उतरलो, तर एकाने कागद पुढे केला. सगळा हिब्रूत. मी म्हटलं, अहो, विचारा त्यांना काय लिहिलंय. तर म्हणाले, चारचौघांत काय विचारायचं, मी काय अडाणी आहे? केली सही. तो कागद वाळवंटातल्या वस्तीत राहायला जायचा निघाला. नऊ वर्षं वाळवंटात काढली आम्ही. आजूबाजूला वाळू नि वारा." त्यांनी आमोसकडे नीट पाहिलं. "तुझ्याएवढं धाडस त्यांना झालं नाही, बाबा."

त्सिपोरामावशींनी नाक ओढलं.

"सारित," मझलबाई म्हणाल्या, "साखर आण."

सारितने वाटी आणली. मझलबाईंनी चिमूटभर घेऊन आमोसच्या तोंडात घातली. रीतीप्रमाणे आता मुलाकडच्या बाईने मुलीला साखर भरवायची. त्सिपोरामावशी खुर्चीचे हात धरून, कण्हत कण्हत उठू लागल्या.

सारितने त्यांची वाट पाहिली नाही. आमोसकडे बघत तिने स्वतःच वाटीत हात घातला आणि मूठभर साखर तोंडात टाकली.